केव्हीए किती आणि कॅन कुठे

सुरतेत लाइट जात नाही, ही इथल्या खानदेशी माणसाची खरी पंचाईत आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, गोडादरा हे सगळे भाग जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेल्या माणसांनी भरलेत, आणि त्यातल्या पस्तिशीपुढच्या प्रत्येकाने गावाकडचं भारनियमन अंगावर काढलेलं आहे. रात्री दोनला वीज येणार म्हणून दीडला उठून विहिरीवर जायचं, पहिल्या वाफ्यात पाणी पोचेपर्यंत वीज गुल, मग बांधावर बसून साहेबलोकांच्या कुळाचा उद्धार करायचा, असं ज्याचं तारुण्य गेलं त्याला चोवीस तास वीज दिली तर तो सुखावत नाही. संशयाने बघतो. आज गेली नाही म्हणजे उद्या व्याजासकट जाणार, अशी त्याची खात्री असते.

शहराच्या जुन्या भागात टॉरेंटची वीज, बाहेर दक्षिण गुजरात वीज कंपनीची. दोघींपैकी कोणीही मनासारखी लाइट घालवत नाही. २०२२च्या जूनमध्ये महाराष्ट्रातले आमदार रातोरात सुरतेला मुक्कामाला आले, त्यांच्या तक्रारींची यादी पुढे बरीच लांबली. पण त्यात विजेचा उल्लेख आल्याचं ऐकिवात नाही. लिंबायतेत लूमच्या खात्यांची खटखट रात्रभर चालते आणि माणसं तिच्यात गाढ झोपतात. वीज गेलीच, तर झालेल्या शांततेने दचकून जागी होतात. "काय व्हयनं भो?" असा सवाल गल्लीच्या एका टोकाला उठतो आणि दुसऱ्या टोकाचं उत्तर येण्याच्या आत खटखट पुन्हा सुरू झालेली असते.

तरीही इथल्या मराठी घरांत जनरेटरचा विषय निघतो. तो निघतो २००६पासून. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचे दरवाजे उघडले, सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी तापीत आलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण-रांदेरकडे माणसं पहिला मजला सोडून वर चढली. कित्येक दिवस वीज नाही, नळ नाही, फोन नाही. या पुराच्या आठवणी सुरतेत फुटांमध्ये सांगतात. "आमच्याकडे आठ फूट." "आमच्याकडे बारा." तिसरा म्हणतो, "आमच्याकडे मोजायलाच कोणी उरलं नव्हतं," आणि बाजी मारतो. लिंबायतेच्या बाजूला मीठी खाडी अधूनमधून याच पुराची छोटी आवृत्ती काढत असते, त्यामुळे विषय शिळा होत नाही. एवढं होऊनही नव्या इमारतींच्या रंगीत पुस्तिकांत 'बेसमेंटमध्ये जनरेटर' ही सोय म्हणून छापतात. पाणी सगळ्यात आधी कुठे जातं, हे सुरतेतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

आमच्या शेजारच्या अण्णांना दर पावसाळ्यात जनरेटरचे डोहाळे लागतात. हयात पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये गेली, आता डिंडोलीत रो-हाउस, दोन मुलगे, दोन सुना आणि भरपूर वेळ. उकाईची पातळी रोजच्या रोज पेपरात येऊ लागली, ती ३४५ फुटांच्या दिशेने सरकली, की अण्णांच्या हातात वही येते. यंदा त्यांनी घरातल्या सगळ्यांना बसवून लोड काढायला घेतला.

जनरेटर निवडण्याचा पहिला धडा सोपा आहे. अंधारात काय काय चालायलाच हवं ते लिहा, वॅट बेरजेला लावा, वर थोडी जागा सोडा. चार पंखे, आठ दिवे, मोबाइल, वायफाय म्हणजे पाचेकशे वॅट. फ्रिज धरला तर सातशे. इथे थांबलं की दोन केव्हीएचं, एका माणसाने ओढत नेता येईल असं पेट्रोलचं यंत्र पुरतं. पण कुटुंबाला विचारून लोड काढणं म्हणजे लग्नाला कोणाकोणाला बोलवायचं हे आत्याला विचारणं. थोरली सून म्हणाली, मिक्सर. धाकटी म्हणाली, इस्त्री. ऑफिस काही पुरात बंद राहत नाही. नातवाने टीव्ही लिहिला. थोरल्याने एसी लिहिला आणि कोणी काही म्हणायच्या आत पेन खाली ठेवलं. काकू गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि घरघंटी."

घरघंटी ही गुजरातेतली मोठी गोष्ट आहे. घरातच दळायची छोटी विजेची चक्की. महाराष्ट्रात माणूस डबा घेऊन गिरणीवर जातो. इथे चक्कीच स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. तिला एक हॉर्सपॉवरची मोटर, म्हणजे ७४६ वॅट. बरं, मोटर काही ७४६ वॅटवर उठत नाही. फ्रिज, पंप, घंटी, एसी यांच्या मोटरी सुरू होताना क्षणभर तिप्पट, कधी पाच-सहापट करंट ओढतात. नेमक्या त्या क्षणी छोटा जनरेटर घशात घास अडकल्यासारखा आवाज काढून बंद पडतो. म्हणून नुसत्या बेरजेवर भागत नाही, सगळ्यात मोठी मोटर कोणती आणि ती उठताना काय मागते ते बघावं लागतं. अण्णांना हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि वहीत ७४६ला सहाने गुणून पंप, घंटी, फ्रिज, एसी हे सगळं एकाच क्षणी सुरू होईल असं धरलं. आकडा आला तो एका छोट्या साडी-मार्केटला पुरला असता.

"एवढा पूर आल्यावर दळणार काय, अण्णा?"

"पुराचं नाही हो भाऊ. लाइट गेली आणि पाहुणे आले तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा लोड विजेचा नाहीच, पाहुण्यांचा आहे.

दुकानातला प्रसंग मी पूर्ण सांगत नाही, कारण तो तुम्हीही पाहिलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरतेला दोनदा भेट दिली. तेव्हापासून रिंगरोडचा दुकानदार मराठी गिऱ्हाईक दिसलं की आधी गल्ल्याकडे बघतो, मग हसतो आणि साडेतीनशे वर्षांचा हिशेब हप्त्याहप्त्याने वसूल करायला घेतो. "लई जाओ ने, काका, पाँच केव्हीए. आखा घर चालसे." आखं घर चालेल. पाच केव्हीएचे डिझेलवर साधारण चार किलोवॅट, हे तो सांगत नाही. सायलेंट डिब्ब्यातला तसा संच काही शे किलोंचा असतो आणि त्याला सिमेंटचा ओटा लागतो, हे तो पैसे दिल्यावर सांगतो. सायलेंट हाही सौम्य शब्दच. नियमाप्रमाणे एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. त्या आवाजात शेजाऱ्याशी भांडताही येत नाही, मग यंत्र घेऊन उपयोग काय?

अण्णांचा जीव मात्र डिझेलवरच. त्याला कारण किर्लोस्कर. त्यांच्या वडिलांच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं, हॅण्डल मारून सुरू करायचं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची. तिने खानदेशातल्या विहिरींवर जे काम केलं त्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या, त्यामुळे अण्णा त्या नावापुढे भाव करत नाहीत. दुकानातला संच बघून त्यांनी आधी हॅण्डल कुठाय ते विचारलं. दुकानदाराने बटन दाखवलं. अण्णांचा चेहरा पडला. शिवाय जुलै २०२३पासून नव्या संचांना धुराचे नवे कडक नियम लागले आणि किमती चढल्या. एका नातेवाइकाने बंद पडलेल्या खात्यातला जुना संच सुचवला. तो बघायला गेलो तर त्याच्या टाकीखाली चिंध्या बांधल्या होत्या आणि मालक म्हणत होता, "काही गळत नाही." चिंध्या ओल्या होत्या.

इतका वेळ चर्चा केव्हीएची. दुकानात, घरात, ओट्यावर, कोणीही एक प्रश्न विचारला नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. कॅन कुठे ठेवणार?

दोन केव्हीएचं यंत्र बऱ्यापैकी भारावर तासाला लिटरभर पेट्रोल पितं. लिटरात दीड-दोन युनिटं निघाली तर खूप, म्हणजे सहा-आठ रुपयांचं युनिट पन्नास-साठ रुपयांना घरी बनवायचं. तेही ठीक, संकटाला भाव विचारत नाहीत. पण दोन रात्री काढायच्या म्हटलं तर वीस-पंचवीस लिटर घरात हवं. अण्णांनी वहीत 'पेट्रोल – २५ लि.' लिहिलं आणि पुढे कंसात 'जिन्याखाली' असं लिहून टाकलं. जिन्याखालीच का? तर रॉकेलचा डबा तिथेच असायचा.

आपली सगळी पिढी रॉकेलवर वाढली. रेशनच्या दुकानातून निळं रॉकेल आणायचं, पत्र्याच्या डब्यात भरायचं, तोंडाला बटाटा किंवा चिंधी कोंबायची, जिन्याखाली सरकवायचं. स्टोव्ह, कंदील, चिमणी, मुंग्या, गंजलेली बिजागरी, सगळ्यावर तेच. वाईट सवयी होत्या, पण रॉकेलाने त्या बऱ्याच अंशी चालवून घेतल्या, कारण थंड रॉकेल लगेच पेटणाऱ्या वाफा सोडत नाही. पेट्रोलचा स्वभाव तसा नाही. ते सुरतेच्या मे महिन्यात काय आणि डिसेंबरात काय, उघडं मिळालं की वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, फरशीवरून सरपटत जिकडे उतार तिकडे जाते. आणि जिन्याखालून उताराला काय आहे? अण्णांच्या घरात देवघर. समई अखंड.

१९३४चा पेट्रोलियम कायदा हा फरक स्वच्छ करतो. ज्या तेलाची वाफ २३ अंशांच्या खालीच पेट घेऊ शकते ते अ वर्ग, पेट्रोल त्यात. २३ ते ६५ अंशांमधलं ते ब वर्ग. डिझेल, रॉकेल त्यात. ब वर्गाचं २५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, एका भांड्यात हजाराहून जास्त नको. पेट्रोल मात्र विकण्यासाठी नसेल तर एकूण ३० लिटर, बस्स. आणि तेही कशात ठेवायचं हे कायद्याने सांगितलं आहे: घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात एक लिटरपर्यंत, धातूच्या भांड्यात पंचवीस लिटरपर्यंत.

मी हे वाचून दाखवल्यावर काकूंनी मान वर केली. "चिनी मातीच्या म्हणजे?"

"बरणीत, काकू."

"माझ्या लोणच्याच्या बरणीला कोणी हात लावायचा नाही."

काकूंचं म्हणणं बरोबरच होतं. कायदा नव्वद वर्षांपूर्वीचा. काच आणि चिनी माती हातातून पडली की काय होतं हे आपण रोज बघतो. शहाण्याने धातूचा, झाकणाला रबराची वायसर असलेला कॅन घ्यावा आणि बरण्या कैऱ्यांसाठी ठेवाव्यात. पण त्या कलमात प्लॅस्टिकचं नाव नाही, हे मात्र आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे पेट्रोलचं राष्ट्रीय भांडं म्हणजे पाण्याची रिकामी बाटली. अर्धी पारदर्शक, पातळ, झाकण दोन आटे फिरलेलं, आणि फ्रिजशेजारी ठेवली तर रात्री तहानलेल्या पोराला पाण्याचीच वाटणारी. पंपावर बाटलीत पेट्रोल द्यायला नकार मिळतो, तेव्हा आपले लोक पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडतात आणि स्कूटरची टाकी फुल्ल करून घरी येऊन नळी लावून तोंडाने ओढतात. हा प्रयोग केलेली माणसं ओळखू येतात. त्यांना नंतर दिवसभर चहाची चव लागत नाही आणि बिडी कोणी पेटवू देत नाही.

आगीच्या बाबतीत सुरतेला थट्टा फार परवडत नाही. २४ एप्रिल १८३७ला मच्छलीपीठात एका घरात तापवलेलं डांबर पेटलं. शेजारणीने आपल्या विहिरीचं पाणी द्यायला नकार दिला अशी नोंद आहे. लाकडी माळवदांच्या त्या शहरात वाऱ्यावर आग पसरली आणि नऊ हजारांहून जास्त घरं गेली, शेकडो माणसं गेली. आणि २०१९च्या मे महिन्यात सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये बावीस मुलं गेली, तेव्हापासून इथे 'फायर सेफ्टी' म्हटलं की बैठकीत कोणी हसत नाही. अण्णाही हसले नाहीत. वहीतलं 'जिन्याखाली' त्यांनी स्वतः खोडलं.

मग कॅन निघाला जागा शोधायला. गच्चीवर? उन्हात तापून फुगणार. तसाही कॅन गळ्यापर्यंत भरायचा नसतो, पेट्रोल तापलं की पसरतं, त्याला वर जागा लागते. बाल्कनीत? खाली शेजाऱ्यांची गॅसची शेगडी. बाथरूममध्ये? तिथे गिझर. गाडीच्या डिकीत? बंद डिकी उन्हात, म्हणजे गच्चीपेक्षा वाईट. मागच्या अंगणात सावलीत, भिंतीला टेकवून, कुलूपबंद जाळीच्या पेटीत, घरापासून जरा अलग, अशी जागा शेवटी निघाली. पण ती अर्धी जागा आमची असल्याचं सात-बारा नसताना सिद्ध करावं लागलं. ते राहू दे.

पेट्रोल कायमचंही टिकत नाही. काही महिन्यांत त्यातला हलका भाग उडतो, उरलेलं चिकटतं. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉलला हवेतलं पाणी ओढायची हौस. सुरतेच्या खाऱ्या दमट हवेत तर विचारायलाच नको. आषाढात भरून ठेवलेलं पुढच्या आषाढात ओतलं तर कार्ब्युरेटर चोंदतो, आणि पुराच्या रात्री माणूस दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेतो. त्यावर उपाय अगदी गृहिणीचा. कॅनवर तारीख लिहायची, दोन-तीन महिन्यांनी ते पेट्रोल स्कूटरमध्ये घालून संपवायचं आणि ताजं भरायचं. जनरेटर ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा राहतो. काकूंना हे लगेच पटलं. त्या डाळीही अशाच फिरवतात.

आता यंत्र कुठे ठेवायचं. जगभरचे जाणकार सांगतात, खिडकी-दारापासून वीस फूट लांब, पूर्ण उघड्यावर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत, जिन्यात, पार्किंगच्या कोपऱ्यात तो साचला की माणसाला झोप येते आणि ती उतरत नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. अण्णांनी टेप घेऊन आपल्या दारापासून वीस फूट मोजले. टेपचं दुसरं टोक समोरच्या वहिनींच्या देवघरात निघालं. डिंडोलीच्या रो-हाउसांत वीस फूट नावाची गोष्टच नाही. तिथे अंतर माणसांच्या मनात असतं, जमिनीवर नसतं.

वायरमननेही भर घातली. तो म्हणाला, कशाला चेंजओव्हर, मी दोन्हीकडे पिनवाली वायर करून देतो. एक टोक जनरेटरला, एक घरातल्या कुठल्याही प्लगला, आखं घर चालू. स्वस्त आणि मस्त. ही मस्ती अशी, की मेन बंद करायला विसरलं तर आपली २३० व्होल्ट वीज उलटी रोहित्रात शिरते, तिथे ११,००० व्होल्ट होते, आणि खांबावर आपल्यासाठीच पावसात चढलेल्या माणसाला जाऊन भिडते. चेंजओव्हर स्विच म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडणारा खटका. तो कधीही स्वस्त म्हणून टाळायचा नाही. वायरमनला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मेन बंद करायचं मी सांगतो ना सगळ्यांना." पुराच्या रात्री, अंधारात, गुडघाभर पाण्यात, सगळ्यांना.

एवढं ऐकल्यावर कोणीही इन्व्हर्टर घेतला असता, आणि माझं मत विचाराल तर डिंडोलीत घ्यावा तोच. दीडशे अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर चार पंखे-दिवे तीन-चार तास निघतात. सुरतेत एरवी एवढा वेळ लाइट जातच नाही. बॅटरीला हवा खेळती लागते आणि वेळेवर डिस्टिल्ड वॉटर, बाकी कटकट नाही. मोठं अंगण असेल, गोठा असेल, घरात श्वासाचं यंत्र लागणारं कोणी असेल, तर जनरेटरचा विचार जरूर करावा. पाहुण्यांसाठी नाही.

अण्णा हे सगळं मान्य करून दोन केव्हीएचं पेट्रोलचं यंत्र घेऊन आले. बाजारात ते अजून पाच केव्हीएचा भाव पाडत होते, तेवढ्या दिवसांत काकूंनी भिशीच्या पैशांतून इन्व्हर्टर मागवून जिन्यावर बसवूनही टाकला होता. त्याचा परिणाम असा झाला की लाइट गेलेली अण्णांना कळेनाच. पंखा फिरत राहायचा. समोरच्या वहिनी गॅलरीतून सांगायच्या तेव्हा अण्णा धावत मागच्या अंगणात जायचे, ताडपत्री काढायचे, ऑइल बघायचे, कॉक उघडायचे, चोक ओढायचे, आणि दोरीला हात घालेपर्यंत लूमची खटखट पुन्हा सुरू.

यंत्राला खरं काम मिळालं गणपतीत. सुरतेत गणपती धूमधडाक्यात होतो आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रत्येक टेम्पोमागे एक जनरेटर लागतो. तो भाड्याने आणायचा, सोबत त्याचा माणूस येतो. वरातीतही तोच असतो, सगळ्यांच्या मागे, हातगाडीवर धडधडणाऱ्या यंत्राशेजारी, चालू यंत्रात बाटलीने पेट्रोल ओतत, तोंडात विडी. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलं आहे की आपल्या देशात देव आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही.

यंदा गल्लीतल्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन अण्णांकडे आली. खजिनदाराने नम्रपणे विचारलं, "अण्णा, यंदा जनरेटर तुमची सेवा म्हणून लिहू का?" अण्णांना आनंद लपवता आला नाही. त्यांनी पोरांना बसवलं, सरबत दिलं आणि पाऊण तास सगळं समजावलं. यंत्र बंद करून वीस मिनिटं निवू द्यायचं, मगच पेट्रोल भरायचं. तापलेल्या सायलेन्सरवर एक थेंब सांडला तरी पुरतो. कॅन टेम्पोत ठेवून भरायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. आरतीचं तबक त्या बाजूला न्यायचं नाही. फटाके अजिबात नाहीत. वाळूची बादली आणि पावडरचा सिलिंडर सोबत, आणि ज्याच्या हातात विडी तो पहिल्या रांगेत नाचायला, मागे नाही. काकूंनी आतून सांगितलं, बरणी मागू नका म्हणावं.

पोरांनी माना डोलवल्या. खजिनदाराने पावतीवर अण्णांचं नाव लिहिलं, 'जनरेटर' लिहिलं, पेन थांबवलं आणि विचारलं, "आणि अण्णा, कॅन भरलेलाच येणार ना?"